परदेशी कचऱ्याला बंदी, देशी भंगाराला भाव किती?

घाटकोपर किंवा मुलुंडच्या रद्दीच्या दुकानात वर्तमानपत्रांना किलोमागे काय भाव मिळावा, हे वरवर पाहता दुकानदार आणि ग्राहक यांच्यातील घासाघिशीवर ठरते. प्रत्यक्षात हा भाव ठरविणारे निर्णय फार दूर घेतले जातात. १८ जुलै २०१७ रोजी चीनने जागतिक व्यापार संघटनेला कळविले की, त्या वर्षाच्या अखेरीपासून २४ प्रकारचा परदेशी कचरा आपल्या बंदरांत उतरू दिला जाणार नाही. त्यात घरगुती प्लास्टिक होते, तशीच वर्गीकरण न केलेली रद्दीही होती. दीड वर्षाने, १ मार्च २०१९ रोजी भारत सरकारनेही प्लास्टिक कचऱ्याच्या आयातीचे उरलेसुरले दार बंद केले. दोन्ही निर्णय कचऱ्याच्या आयातीविरुद्धच होते. मात्र मुंबईच्या उपनगरांतील भंगाराच्या बाजारावर त्यांचे परिणाम परस्परविरोधी होते. शेजाऱ्याने दार लावले की त्याच्याकडे जाणारा माल आपल्या अंगणात येऊन पडतो आणि स्थानिक मालाचा भाव घसरतो. आपणच दार लावले की कारखान्यांना स्थानिक मालाकडे वळावे लागते आणि त्याला मागणी येते. या साध्या सूत्राभोवती पुनर्प्रक्रिया उद्योगाचे बरेचसे अर्थकारण फिरते. पण वाढलेल्या मागणीचा लाभ कचरा वेचणाऱ्यापर्यंत पोहोचतोच असे नाही. बंदीविषयीच्या चर्चेत नेमका हाच मुद्दा मागे पडतो.

कचरा विकत का घेतला जातो?

ज्या शहरात कचरा टाकायला जागा नाही, त्या शहराच्या शेजारच्या बंदरात परदेशी कचऱ्याचे कंटेनर उतरावेत, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. पण कारखानदाराच्या दृष्टीने तो कचरा नसतो, कच्चा माल असतो. युरोप-अमेरिकेत घराघरांत वर्गीकरण झालेले प्लास्टिक किंवा पुठ्ठा दाबून बांधलेल्या एकसारख्या गठ्ठ्यांत येतो. त्यात ओलावा कमी, अन्नाचे अंश कमी आणि प्रत साधारण ठरलेली असते. तेथे कचरा जमिनीत गाडण्याचा खर्च मोठा असल्याने तो स्वस्तात देऊन टाकणेही परवडते. आशियातून पक्का माल घेऊन गेलेली जहाजे परतताना कंटेनर रिकामे आणण्यापेक्षा अल्प भाड्यात भंगार आणतात.

याउलट मुंबईतील बाटली बहुधा भाजीच्या देठांबरोबर, चहाच्या चोथ्याबरोबर एकाच पिशवीतून बाहेर पडते. ती वेचायची, निवडायची, धुवायची, वाळवायची आणि मगच तिचा चुरा करायचा. या प्रत्येक टप्प्याला मजुरी, पाणी आणि जागा लागते, आणि मुंबईत या तिन्ही गोष्टी महाग आहेत. त्यामुळे आयात खुली असली की स्थानिक कचऱ्याची स्पर्धा दुसऱ्या देशातील अधिक स्वच्छ कचऱ्याशी होते आणि त्याचा भाव पडतो. भाव एका मर्यादेखाली गेला की ती वस्तू वेचण्याचे श्रमही परवडत नाहीत. मग ती गटारात, खाडीत किंवा क्षेपणभूमीवर जाते. आयातबंदीच्या बाजूने केला जाणारा सर्वांत सबळ युक्तिवाद हाच आहे.

१९८९ : बंदर, करार आणि नियम

न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९च्या मे महिन्यात सुरू झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये घातक कचऱ्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर नियंत्रण आणणारा बासेल करार संमत झाला आणि जुलैमध्ये भारताने घातक कचऱ्याविषयीचे पहिले नियम लागू केले. करार १९९२मध्ये अमलात आला आणि त्याच वर्षी भारताने त्यास मान्यता दिली. कागदावर व्यवस्था उभी राहिली, पण प्रत्यक्षात घातक कचरा वेगवेगळ्या नावांनी येतच राहिला.

या संदर्भात १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेली जनहित याचिका महत्त्वाची ठरली. न्यायालयाने १९९७मध्ये प्रा. एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली आणि तिच्या अहवालाच्या आधारे १४ ऑक्टोबर २००३ रोजी सविस्तर आदेश दिले. याच प्रकरणात न्हावाशेवा बंदरात पडून असलेले १३३ कंटेनर चर्चेत आले. वंगणासाठीचे तेल म्हणून आणलेला हा माल तपासणीत घातक टाकाऊ तेल निघाला. जानेवारी २००५मध्ये न्यायालयाने ते तेल भट्टीत जाळून नष्ट करण्याचा आणि त्याचा खर्च आयातदारांकडून वसूल करण्याचा आदेश दिला. 'जो प्रदूषण करील तो भरपाई देईल' या तत्त्वाची ही मुंबईच्या उंबरठ्यावरची ठळक अंमलबजावणी होती.

पुढच्याच वर्षी अॅस्बेस्टॉस असलेली 'क्लेमान्सो' ही फ्रान्सची जुनी विमानवाहू युद्धनौका तोडणीसाठी गुजरातमधील अलंगकडे निघाली होती. देशात आणि फ्रान्समध्येही वाद पेटल्यानंतर फेब्रुवारी २००६मध्ये फ्रान्सचे तत्कालीन अध्यक्ष जॅक शिराक यांनी ती माघारी बोलावली. त्याआधी सप्टेंबर २००४मध्ये दिल्लीजवळ साहिबाबाद येथील एका पोलाद कारखान्यात आयात भंगारातील तोफगोळ्यांचा स्फोट होऊन दहा कामगारांचा बळी गेला होता. त्यानंतर तुकडे न केलेल्या धातूच्या भंगारासाठी जहाजात भरण्यापूर्वीच्या तपासणीचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. आयातीवरील निर्बंध केवळ पर्यावरणवाद्यांच्या आग्रहातून आले नाहीत. त्यामागे अपघातांचा आणि फसवणुकीचा इतिहास आहे.

बंदी कशावर, परवानगी कशाला?

'कचऱ्याच्या आयातीवर बंदी' असा शब्दप्रयोग सर्रास केला जातो, पण भारतात सरसकट बंदी कधीच नव्हती. घातक व इतर कचऱ्याविषयीच्या २०१६च्या नियमांनी मालाची ढोबळमानाने तीन प्रकारांत विभागणी केली. पहिल्या प्रकारातील माल केंद्राच्या परवानगीने आणि निर्यातदार देशाच्या पूर्वसंमतीनेच येऊ शकतो. दुसऱ्या प्रकारात धातूंचे स्वच्छ भंगार आणि रद्दी कागद येतो. त्यासाठी पर्यावरण मंत्रालयाची परवानगी लागत नाही, पण ठरावीक कागदपत्रे लागतात. तिसऱ्या प्रकारातील माल पूर्णतः निषिद्ध आहे. त्यात घरगुती कचरा, थेट वापरासाठीचे जुने टायर, अतिदक्षता विभागातील वापरलेली वैद्यकीय उपकरणे, विद्युत व इलेक्ट्रॉनिक भंगार आणि पेट बाटल्यांसह घन प्लास्टिक कचरा यांचा समावेश आहे.

प्लास्टिकच्या बाबतीत मात्र एक पळवाट राहिली होती. विशेष आर्थिक क्षेत्रांतील आणि निर्यातप्रधान उद्योगांना सवलत होती. या क्षेत्रात आलेला माल प्रक्रिया होऊन परत बाहेर जाईल, असे त्यामागचे गृहीतक होते. मार्च २०१९च्या दुरुस्तीने ही सवलत काढून घेतली. त्याच वर्षी मे महिन्यात जिनिव्हा येथे बासेल कराराच्या सदस्य देशांनी अस्वच्छ व मिश्र प्लास्टिकलाही पूर्वसंमतीच्या कक्षेत आणले आणि ही तरतूद १ जानेवारी २०२१पासून लागू झाली.

चीनने दार लावले तेव्हा

१९९२पासूनच्या पाव शतकात जगभरातून निर्यात झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी सुमारे ४५ टक्के कचरा एकट्या चीनने घेतला होता. त्यामुळे २०१८मध्ये त्याने दार लावताच हा ओघ मलेशिया, थायलंड, व्हिएतनाम आणि इंडोनेशियाकडे वळला. मलेशियात बेकायदा कारखान्यांचे पेव फुटले. लोकक्षोभानंतर तेथील सरकारने कंटेनर परत पाठविण्यास सुरुवात केली आणि जानेवारी २०२०पर्यंत १५० कंटेनर १३ देशांना परत केल्याचे जाहीर केले. फिलिपाइन्सने २०१९मध्ये ६९ कंटेनर कॅनडाला परत धाडले.

भारतात या घडामोडींचा सर्वाधिक परिणाम रद्दीवर झाला. चीनने रद्दीतील भेसळीची मर्यादा मार्च २०१८पासून अर्ध्या टक्क्यावर आणली. ती पाळणे बहुतेक निर्यातदारांना अशक्य होते. परदेशात मिश्र रद्दीचे भाव कोसळले आणि ती स्वस्त रद्दी भारतीय कागद गिरण्यांकडे वळली. गिरण्यांना ते लाभदायक होते, पण स्थानिक रद्दी गोळा करणाऱ्यांना स्वस्त परदेशी मालाशी झुंजावे लागले.

तीन वर्षांत चित्र उलटले. १ जानेवारी २०२१पासून चीनने घन कचऱ्याची आयात संपूर्णपणे थांबविली, पण तेथील खोकी बनविणाऱ्यांची कागदाची भूक कायम होती. रद्दी आणता येत नव्हती, परंतु रद्दीपासून बनविलेला कागद आणण्यास आडकाठी नव्हती. भारतीय गिरण्या तपकिरी क्राफ्ट कागदाची भेंडोळी मोठ्या प्रमाणावर चीनला पाठवू लागल्या. करोनाकाळात घरपोच खरेदीमुळे खोक्यांची मागणी वाढली होती आणि टाळेबंदीमुळे रद्दी गोळा होणे मंदावले होते. परिणामी देशात पुठ्ठ्याचे भाव चढले आणि खोकी बनविणाऱ्या लहान कारखान्यांची कोंडी झाली. एका देशाची बंदी दुसऱ्या देशातील एका उद्योगाला हात देते आणि दुसऱ्याची कोंडी करते, याचे हे बोलके उदाहरण ठरावे.

उपनगरांतील साखळी

मुंबईच्या उपनगरांत या व्यापाराची साखळी डोळ्यांना सहज दिसते. घरातील रद्दी, बाटल्या, डबे प्रथम रद्दीवाल्याकडे किंवा इमारतीच्या सफाई कामगाराकडे जातात. रस्त्यावरील व कचराकुंडीतील वस्तू कचरावेचक उचलतात. तेथून माल वस्तीतील छोट्या भंगाराच्या दुकानात आणि मग वखारीत जातो. अंधेरी पूर्वेचा साकीनाका, जरीमरी आणि त्याला लागून असलेला कुर्ल्याचा भाग हे भंगार व्यापाराचे जुने केंद्र आहे. लोखंड, तांबे, प्लास्टिक, संगणकाचे सुटे भाग अशा प्रत्येक मालाचे तेथे वेगळे जाणकार आहेत.

वखारीत वर्गीकरण झालेले प्लास्टिक धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये, वसई-भिवंडीच्या गाळ्यांत, वापीकडे किंवा थेट नाशिक जिल्ह्यातील मालेगावपर्यंत जाते. तेथे त्याचा चुरा होतो, तो धुतला जातो, वितळवून त्याचे दाणे पाडले जातात आणि त्या दाण्यांपासून पाइप, बादल्या, खुर्च्यांचे भाग तयार होतात. नव्या-जुन्या दाण्यांपासून वस्तू घडविणाऱ्या लघुउद्योगांचे जाळे अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीपासून कांदिवली-दहिसरपर्यंत पसरलेले आहे. अखिल भारतीय प्लास्टिक उत्पादक संघटनेचे मुख्यालय अंधेरीत मरोळ येथे आहे, हा योगायोग नव्हे.

या साखळीच्या तळाशी असलेल्यांचे जग गेल्या दोन दशकांत आक्रसत गेले. बोरिवलीजवळची गोराई क्षेपणभूमी २००७मध्ये बंद झाली. १९६०च्या दशकापासून सुरू असलेली मुलुंडची क्षेपणभूमी ऑक्टोबर २०१८मध्ये बंद झाली. १९२७पासून वापरात असलेल्या देवनार येथे जानेवारी २०१६मध्ये भीषण आग लागल्यानंतर प्रवेशावरील पहारा कडक झाला, आणि कांजूरमार्गची व्यवस्था मुळातच बंदिस्त आहे. नागरिकांच्या आरोग्यासाठी हे बदल आवश्यक होते. पण क्षेपणभूमीवर वेचून पोट भरणाऱ्यांना, ज्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे, त्यांची किंमत मोजावी लागली. त्यांच्यासाठी कचऱ्याचा भाव हा चर्चेचा विषय नसून त्या संध्याकाळच्या चुलीचा प्रश्न असतो.

प्रत्येक मालाचे गणित निराळे

आयातबंदीचा परिणाम सर्व मालांवर सारखा होत नाही. पेट बाटल्यांच्या बाबतीत बंदी सर्वांत समर्थनीय ठरते. देशात या बाटल्यांची टंचाई नाही आणि त्या गोळा करणारी यंत्रणाही उभी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या अभ्यासाने देशातील पेटच्या पुनर्प्रक्रियेचे प्रमाण सुमारे ९० टक्के असल्याचे म्हटले होते. बाटल्यांपासून तयार होणारा धागा कापड उद्योगात, उशा-गाद्यांच्या भरणात वापरला जातो. येथे परदेशी बाटली आणणे म्हणजे देशी बाटली वेचणाऱ्याच्या हातचे काम काढून घेणे होय.

प्लास्टिकचे एकूण चित्र मात्र इतके उजळ नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आकडेवारीनुसार २०१९-२० मध्ये देशात सुमारे ३४.७ लाख टन प्लास्टिक कचरा निर्माण झाला. त्यातील वेफर्सची पाकिटे, शाम्पूच्या पुड्या यांसारख्या अनेक थरांच्या वेष्टनांना भंगारवाला हात लावत नाही. निरनिराळे थर वेगळे करणे परवडत नसल्याने आयातबंदी कितीही कडक केली, तरी या मालाला भाव येत नाही. तो सिमेंटच्या भट्टीत किंवा रस्त्याच्या डांबरात गेला तरच मार्गी लागतो.

कागदाचा प्रश्न तांत्रिक आहे. प्रत्येक पुनर्प्रक्रियेत कागदाचे तंतू आखूड आणि दुबळे होतात. भारतीय पुठ्ठा आधीच अनेकदा वितळून घडलेला असतो, तर अमेरिकेतून येणाऱ्या खोक्यांत सूचिपर्णी लाकडाचे लांब, ताजे तंतू असतात. मजबूत खोके हवे असेल तर हे तंतू मिसळावे लागतात. रद्दीच्या आयातीवर सरसकट बंदी घातली तर वापी, मोरबी किंवा मुझफ्फरनगर येथील गिरण्यांना लाकडाचा लगदा विकत घ्यावा लागेल, म्हणजे अखेर झाडांवरच भार पडेल. मात्र मिश्र रद्दीच्या गठ्ठ्यांतून प्लास्टिक येत असल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या आहेत. त्यामुळे येथे बंदीपेक्षा बंदरातील काटेकोर तपासणी अधिक उपयोगाची आहे.

धातूंच्या बाबतीत धोरण उलट दिशेने गेले. मराठवाड्यातील जालन्याचा पोलाद उद्योग भंगारावर उभा आहे, आणि देशातील भंगार त्याच्यासारख्या उद्योगांना पुरत नाही. भंगारापासून पोलाद बनविण्यास खनिजापासून बनविण्यापेक्षा ऊर्जाही बरीच कमी लागते. म्हणून २०२१च्या अर्थसंकल्पात पोलादाच्या भंगारावरील आयातशुल्क माफ करण्यात आले. फेब्रुवारी २०२५च्या अर्थसंकल्पात लिथियम-आयन बॅटऱ्यांचे भंगार, शिसे, जस्त आणि अन्य १२ महत्त्वाच्या खनिजांचे भंगार यांनाही शुल्कमाफी मिळाली. एकीकडे प्लास्टिकला प्रवेशबंदी आणि दुसरीकडे बॅटऱ्यांना आवतण, यात वरकरणी विरोधाभास दिसतो. पण लिथियम आणि कोबाल्टसाठी देश आयातीवर अवलंबून आहे, तर प्लास्टिकच्या कचऱ्याची येथे रेलचेल आहे. मात्र अशा भंगारात विषारी आणि ज्वलनशील घटक असतात, त्यामुळे शुल्क माफ झाले तरी देखरेख माफ होता कामा नये.

इलेक्ट्रॉनिक कचरा आणि टायर यांच्याबाबत निर्बंधांचे कारण आरोग्य हे आहे. एकेकाळी शाळांसाठी 'दान' म्हणून आलेले जुने संगणक अल्पावधीतच भंगारात निघत. २०१९-२० मध्ये देशातच सुमारे १० लाख टन ई-कचरा निर्माण झाल्याचा केंद्रीय मंडळाचा अंदाज होता. त्यामुळे कच्च्या मालाची टंचाई हे आयातीचे कारण होऊ शकत नाही. टायर जाळून तेल काढणाऱ्या भट्ट्यांच्या धुराबद्दल राष्ट्रीय हरित लवादापुढे तक्रारी गेल्यानंतर, जुलै २०२२मध्ये अशा तेलासाठी टाकाऊ टायर आयात करण्यास मनाई करण्यात आली.

भाव वाढतो, पण कोणाच्या हाती?

अर्थशास्त्राच्या पुस्तकी नियमानुसार आयात थांबली की स्थानिक भाव वाढावा आणि वेचणाऱ्याची मिळकत सुधारावी. प्रत्यक्षात तीन गोष्टी आड येतात.

पहिली गोष्ट म्हणजे खनिज तेल. जुन्या प्लास्टिकच्या दाण्याची खरी स्पर्धा नव्या दाण्याशी असते आणि नवा दाणा तेल-वायूपासून बनतो. २०२०च्या एप्रिलमध्ये जगात तेलाचे भाव कोसळले तेव्हा नवा दाणा स्वस्त झाला आणि जुन्याला गिऱ्हाईक उरले नाही. त्या काळात देशात प्लास्टिक कचऱ्याची आयात बंदच होती, पण त्या बंदीने भाव सावरला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कर. ऑक्टोबर २०२१पासून प्लास्टिकच्या भंगारावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. रीतसर पावती करणाऱ्या कारखान्यासाठी माल महाग झाला आणि बिनपावतीच्या व्यवहाराला आयतेच प्रोत्साहन मिळाले. साखळीच्या तळाचे सारे व्यवहार रोखीचे असल्याने कराचा बोजा अखेर वेचणाऱ्याला मिळणाऱ्या भावातूनच वळता होतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नोंदणी. फेब्रुवारी २०२२मध्ये केंद्राने प्लास्टिक वेष्टनांसाठी उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची नियमावली लागू केली. वेष्टन बाजारात आणणाऱ्या कंपनीने तेवढ्या कचऱ्याच्या पुनर्प्रक्रियेची प्रमाणपत्रे मिळवावीत आणि २०२५-२६ पासून कडक प्लास्टिकच्या वेष्टनात किमान ३० टक्के, तर लवचिक वेष्टनात १० टक्के पुनर्प्रक्रिया केलेले प्लास्टिक वापरावे, असे बंधन त्यात आहे. आयातबंदी आणि ही सक्ती एकत्र आल्यावर देशी कचऱ्याला मागणी निर्माण होणे क्रमप्राप्त आहे. पण प्रमाणपत्र देण्याचा अधिकार नोंदणीकृत कारखान्यालाच आहे. साकीनाक्याची वखार किंवा धारावीतील चुरा करणारा गाळा त्या यादीत नसेल, तर श्रम त्याचे आणि प्रमाणपत्राचे मूल्य दुसऱ्याचे, अशी स्थिती होते. या व्यवस्थेतही फसवणूक शिरलीच. २०२३मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे आढळली. अशा प्रत्येक बनावट प्रमाणपत्रामागे न उचललेला कचरा आणि न मिळालेली मजुरी असते. त्यातच धारावीच्या पुनर्विकासामुळे तेथील कारखान्यांच्या भवितव्याचा प्रश्न उभा राहिला आहे. ते दूर गेले, तर उपनगरांतील माल वाहून नेण्याचा खर्च वाढेल आणि तोही खालच्याच भावातून कापला जाईल.

दोन डब्यांची किंमत

परदेशी माल का हवा असतो, याचे उत्तर 'तो स्वच्छ असतो' हे असेल, तर देशी उद्योग टिकण्याची अटही उघड आहे. देशी कचरा स्वच्छ मिळाला पाहिजे. ओल्या कचऱ्यात भिजलेला पुठ्ठा गिरणी घेत नाही. तेलकट पिशवीचा भाव कोरड्या पिशवीपेक्षा खूप खाली येतो. स्वयंपाकघरातच दोन डबे ठेवले तर धुण्याचे पाणी, निवडण्याची मजुरी आणि वाया जाणारा माल या तिन्हींत बचत होते. ही बचत म्हणजेच परदेशी गठ्ठ्याशी स्पर्धा करण्याची ताकद होय.

मुंबई उपनगरांत या प्रयोगाचा इतिहास जुना आहे. नागरिकांच्या सहभागातून परिसर स्वच्छ ठेवण्याची प्रगत परिसर व्यवस्थापनाची, म्हणजेच 'एएलएम'ची, चळवळ १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमध्ये सुरू झाली आणि पुढे शहरभर पसरली. ओला कचरा सोसायटीतच जिरवणे आणि सुका कचरा वेगळा देणे हा तिचा गाभा होता. १९७५मध्ये स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने १९९८पासून 'परिसर विकास' उपक्रमाद्वारे कचरावेचक महिलांना संघटित केले, त्यांना वर्गीकरणाचे व खतनिर्मितीचे प्रशिक्षण दिले आणि सोसायट्यांशी जोडले. महापालिकेने २ ऑक्टोबर २०१७पासून २० हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा दररोज १०० किलोहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या संकुलांना ओल्या कचऱ्यावर जागेवरच प्रक्रिया करण्यास सांगितले. सुक्या कचऱ्यासाठी पालिकेने वर्गीकरण केंद्रेही उभारली आहेत.

तरीही अनेक इमारतींत दोन डब्यांतील कचरा गाडीत एकत्र होतो, ही नागरिकांची जुनी तक्रार आहे, आणि नागरिकच वर्गीकरण करीत नाहीत, ही पालिकेची. या वादात नुकसान होते ते सुक्या मालाचे. बंदरात परदेशी कचरा अडविणे सरकारच्या हाती आहे. पण घराच्या दारात देशी कचरा बिघडविणे थांबले नाही, तर कारखान्याला मिळणारा माल कमी आणि महाग राहणारच. मग पुनर्प्रक्रिया केलेल्या प्लास्टिकच्या सक्तीची पूर्तता करण्यासाठी तयार दाणे बाहेरून आणण्याची मागणी पुढे येईल, आणि समोरच्या दाराने अडविलेला माल मागच्या दाराने आत येण्याची वाट मोकळी होईल.

युरोपचे नवे वळण

आतापर्यंत घेणाऱ्या देशांनी दारे लावली. आता पाठविणारे देशही हात आखडता घेऊ लागले आहेत. मे २०२४मध्ये अमलात आलेल्या युरोपीय संघाच्या नव्या नियमांनुसार, श्रीमंत देशांच्या 'ओईसीडी' या संघटनेबाहेरच्या राष्ट्रांना प्लास्टिक कचरा पाठविण्यावर २१ नोव्हेंबर २०२६पासून बंदीची तरतूद आहे. अन्य बिनघातक कचरा, म्हणजे रद्दी आणि धातूंचे भंगारही, मे २०२७पासून केवळ मान्यताप्राप्त यादीतील देशांनाच पाठविता येईल आणि त्यासाठी तेथील कारखान्यांची तपासणी आवश्यक राहील. युरोपातून कचरा व भंगार घेणाऱ्या देशांत तुर्कस्तानपाठोपाठ भारताचा क्रमांक लागत आला आहे. प्लास्टिकबंदीचा येथे फारसा फरक पडणार नाही, कारण भारताने ते आधीच बंद केले आहे. मात्र जालन्याच्या भट्ट्या आणि वापीच्या गिरण्या यांच्यासाठी दुसरी तरतूद निर्णायक ठरू शकते. आवक घटली तर देशी लोखंड आणि देशी पुठ्ठा यांची मागणी वाढेल. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासातून मुलुंड, घाटकोपर, बोरिवली येथे निघणाऱ्या लोखंडी सळ्या आणि घरोघरी येणारी खोकी यांचे मोल त्या वेळी वेगळेच असेल.

आयातीवरील निर्बंध हा पुनर्प्रक्रिया उद्योगासाठी एक संरक्षक बांध आहे. बाहेरचे पाणी तो अडवितो, पण आतली विहीर भरण्याचे काम त्याच्याने होत नाही. चीनने बंदी घातली तेव्हा तेथील उद्योगाला काही काळ कच्च्या मालाची चणचण सोसावी लागली आणि घरच्या कचऱ्याच्या वर्गीकरणाकडे गांभीर्याने वळावे लागले. शांघायने जुलै २०१९मध्ये नागरिकांना वर्गीकरण कायद्याने सक्तीचे केले, ते याच काळात. भारताने प्लास्टिकवर बंदी घातली, वर्गीकरणाची सक्ती तर त्याआधीच २०१६च्या नियमांत आणली होती. दोन्ही नियम कागदावर आहेत. त्यांपैकी पहिला बंदरावर सीमाशुल्क अधिकारी राबवितात. दुसरा राबविण्याची जागा मात्र प्रत्येक घराचा उंबरठा, प्रत्येक सोसायटीची कचरापेटी आणि पालिकेची प्रत्येक गाडी ही आहे. साकीनाक्याच्या वखारीत माल टाकून हातावर पैसे मोजून घेणाऱ्या बाईला किलोमागे दोन रुपये अधिक मिळतात की नाही, याचा निकाल न्हावाशेव्यापेक्षा या दुसऱ्या ठिकाणीच लागणार आहे.